घर तारण ठेवून डिझाइनची पदवी घ्यावी का?

पत्राचा गोषवारा: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पत्रलेखकांचं डीटीपी आणि फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. वय ४८. सगळे खर्च जाऊन महिन्याला ३५ ते ४० हजार हाती राहतात. मुलगी यंदा बारावी झाली. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात कम्युनिकेशन डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीला तिला प्रवेश मिळतो आहे. फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला पाच लाख खर्च. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण राहतं घर तारण मागते. ५० हजार भरून जागा धरून ठेवली आहे. दुसरीकडे, सीईटीतून एका अनुदानित महाविद्यालयात बीएफए (ललित कलेची पदवी) अप्लाइड आर्टला तिचा नंबर लागेल असं दिसतं, पण ‘ते पेंटर लोकांचं कॉलेज’ असं नातेवाईक म्हणतात. धाकटा मुलगा दहावीत आहे. ते लिहितात, ‘बावीस वर्षं मी हेच काम केलं. एका बॅनरच्या डिझाइनचे दीडशे रुपये. तिच्या वाट्याला हे येऊ नये. विद्यापीठाचे लोक सरासरी साडेपाच लाखांचं पॅकेज सांगतात. तिचं कर्ज तिच्या पगारातून फिटेल ना?’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेली झेरॉक्स अजून टेबलावर समोरच ठेवली आहे. गावातल्या डेअरीच्या पाटीसाठी तुमच्या लेकीनं काढलेली ती अक्षरं. ‘दूध’मधल्या ‘दू’चा ऊकार तिनं खाली ओढून ‘ध’च्या पलीकडे नेला आहे, आणि तो सगळ्या शब्दाखाली किटलीच्या बुडासारखा बसला आहे. शिरोरेघ मात्र जागची हलू दिलेली नाही, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला शब्द पटकन वाचता येतो. हे कुणी शिकवलेलं नसताना सुचलं असेल तर मुलीला नजर आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं आकड्यांचं आहे आणि ते वाचताना तिच्या गुणाबद्दल मला शंका आहे असं तुम्हाला क्षणभरही वाटायला नको.

आता कर्ज. तुम्ही २० लाख धरलेत. पण हप्ता सुरू होईल तेव्हा ते २० लाख राहिलेले नसतील. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना आणि साधारण त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून लागतं. दरवर्षी पाच लाख उचलले, दर साडेदहा टक्के धरला आणि या काळात सरळव्याज लावलं, तरी पाच वर्षांत ७ लाख ३५ हजार व्याज साठतं. म्हणजे फेडायचे २७ लाख ३५ हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ३६ हजार ९०० च्या आसपास. पंधरा वर्षं मागून घेतली तर ३० हजार २००, पण मग एकूण फेड ५४ लाखांवर जाते. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर मूळ रक्कम फुगत नाही, हे खरं. पण पहिल्या वर्षी महिन्याला ४,३७५ रुपये असलेलं हे व्याज चौथ्या वर्षी साडेसतरा हजारांवर पोचतं. ती तुमच्या दुकानाची जवळजवळ निम्मी कमाई झाली, आणि नेमकी तेव्हाच धाकट्याच्या कॉलेजची फी दारात उभी असेल.

हा हप्ता पगाराशेजारी ठेवून बघा. विद्यापीठानं सांगितलेलं साडेपाच लाखांचं पॅकेज तिला पहिल्याच वर्षी मिळालं असं धरू. पीएफ वगैरे कापून हातात येणार ४० हजारांच्या आसपास. त्यातून ३६ हजार ९०० गेले की पुण्यात खोलीचं भाडं, डबा आणि बस यांसाठी जेमतेम तीन हजार उरतात. म्हणजे त्यांचा आकडा शंभर टक्के खरा असला तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येतं.

आणि तो आकडा सरासरीचा आहे. वर्गातल्या दहा जणांपैकी एकाला एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत २४ लाख मिळाले आणि उरलेल्या नऊ जणांना साडेतीन-साडेतीन लाख, तरी सरासरी साडेपाच लाखांच्या वर दिसते. म्हणून सरासरी विचारूच नका. पगार चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले, हे विचारा. वर्गात किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांना कॉलेजमार्फत नोकरी लागली, आणि हा आकडा कम्युनिकेशन डिझाइनचा आहे की सगळ्या शाखांचा मिळून, हेही विचारा. ॲप आणि वेबसाइट घडवणाऱ्या, ज्याला यूआय-यूएक्स म्हणतात त्या शाखेतल्या मुलांचे पगार ग्राफिकवाल्यांपेक्षा बरेच वर असतात. दोन्ही एकत्र केले की ग्राफिकचा खरा पगार त्यात झाकला जातो. उत्तर लेखी मागा.

पुण्यात मी गेली अनेक वर्षं स्टुडिओंमध्ये नव्या मुलांची कामं बघते आहे. माझ्या पाहण्यात ग्राफिक डिझायनरची सुरुवात बहुतेक ठिकाणी महिना १५ ते २५ हजारांवर होते. यूआय-यूएक्समध्ये ३० हजार, काम फार चांगलं असेल तर ५०. दोन-तीन वर्षांत हात बसलेल्यांचा पगार भराभर वाढतो, बाकीच्यांचा तिथेच घुटमळतो. मुलाखतीला आलेल्या मुलाची फाइल उघडली की पहिल्या चार-पाच पानांत आमचं मत होऊन जातं. कुठल्या कॉलेजचा हे आम्ही विचारतो, पण त्यानंतर. पगार ठरतो तो त्या पानांवर. नामांकित संस्थेच्या नावामुळे मुलाखतीचं बोलावणं लवकर येतं, हे मी नाकारणार नाही. अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था किंवा आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल आयडीसी यांच्या बाबतीत तर ते नक्कीच खरं आहे. पण गेल्या काही वर्षांत निघालेल्या प्रत्येक खासगी डिझाइन स्कूलला ते वजन आलेलं नाही, फी मात्र तशी आहे.

खासगी विद्यापीठात काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाही. तिथे नवी यंत्रं असतात, उद्योगातली माणसं शिकवायला येतात, इंग्रजीत आपलं काम मांडायची सवय होते, इंटर्नशिपसाठी ओळखी मिळतात. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीला याचा उपयोग होतो. तुमच्याकडे २० लाख साठवलेले असते तर मी वेगळं लिहिलं असतं. निम्मी फी माफ करणारी शिष्यवृत्ती मिळत असेल तरीही पुन्हा हिशेब मांडण्यासारखा आहे, तेव्हा एकदा स्पष्ट विचारून तर बघा. पण आजच्या घडीला समोर आहे ते राहतं घर. मुलगी कर्जदार असली तरी सहकर्जदार म्हणून सही तुमची असेल. हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही ५३ वर्षांचे असाल, संपतील तेव्हा ६३. मधे तिला सहा महिने नोकरी नसली, तिला आजारपण आलं, लग्न ठरलं, नाहीतर मनासारखं काम मिळेना म्हणून तिला थोडं थांबावंसं वाटलं, तर तो हप्ता कुणाच्या गल्ल्यातून जाणार? बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आपल्या आईवडिलांचं घर आपल्या पगारावर टांगलेलं आहे हे रोज आठवत राहिलं, तर ती हाताला येईल ती नोकरी धरते आणि सोडायला घाबरते. सुरुवातीच्या वर्षांत तर या धंद्यात दोन-तीन ठिकाणी काम करून शिकायचं असतं. मला घराइतकीच काळजी याचीही वाटते.

आता ‘पेंटर लोकांचं कॉलेज’.

अप्लाइड आर्ट म्हणजे उपयोजित कला. जाहिरात, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बोधचिन्ह, पॅकिंग, अक्षररचना, सुलेखन, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी हे सगळं त्यात येतं. ज्याला आज कम्युनिकेशन डिझाइन म्हणतात त्याचं हे आपल्याकडचं जुनं घर. मुंबईच्या जे.जे.मध्ये याचा विभाग १९३५ साली, कमर्शियल आर्ट या नावानं सुरू झाला. महाराष्ट्रातल्या जाहिरात क्षेत्रातली कितीतरी माणसं अशा महाविद्यालयांतून आली आहेत. तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून आणतं, त्यात ‘मंगल’ फॉन्ट तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. तो मायक्रोसॉफ्टसाठी र. कृ. जोशींनी केला. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले हे सुलेखनकार पुढे आयडीसीत शिकवत होते. ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या स्टुडिओचे. मराठी अक्षरावर बारकाईनं काम करणारी माणसं आजही थोडी आहेत आणि त्यांची गरज वाढते आहे, कारण बँकांपासून बिस्किटांपर्यंत प्रत्येकाला मोबाइलच्या पडद्यावर मराठीत बोलायचं आहे. ऊकार ओढायचा कुठवर आणि थांबायचं कुठे हे कळणारी मुलगी या कामाला हवी आहे.

अनुदानित महाविद्यालयाच्या उणिवाही सांगते, म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. अभ्यासक्रम जरा मागे असतो. प्राध्यापकांच्या जागा अनेक ठिकाणी रिकाम्या आहेत. यूआय-यूएक्स तिथे नीट शिकवलं जाईल असं गृहीत धरू नका. ते तिला स्वतः, वेगळा छोटा कोर्स करून आणि मुख्य म्हणजे खरी कामं करून शिकावं लागेल. प्लेसमेंटही तिची तिलाच शोधावी लागेल. हे सगळं जमवायला चिकाटी लागते. ती मुलीत आहे की नाही, हे माझ्यापेक्षा तुम्ही जास्त जाणता.

पण फी बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. तुमचं उत्पन्न या मर्यादेत सहज बसतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. जिथे नंबर लागतो आहे तिथल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन, बीएफएसाठी कोणती योजना लागू होते आणि मागच्या वर्षी किती मुलींना पैसे मिळाले, हे प्रत्यक्ष विचारून या. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र काढलं नसेल तर आजच सेतूत अर्ज टाका. याच कागदांपायी मुलींची वर्षं अडलेली मी पाहिली आहेत.

फी माफ झाली तरी राहणं, जेवण, लॅपटॉप, रंग-कागद हा खर्च आहेच, आणि त्यासाठी थोडं कर्ज घ्यायला माझी हरकत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण द्यावं लागू नये म्हणून केंद्र सरकारची पतहमी योजना आहे. बँकेचा माणूस तरीही घराचे कागद मागू लागला तर या योजनेचं नाव घ्या. २०२४ च्या अखेरीला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात ३ टक्के व्याजसवलतही आहे. तुमचं खासगी विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे एकदा तपासा. नसेल, तर ती गोष्टही लक्षात घ्या.

अशाच विवंचनेतली बरीच पत्रं येतात, म्हणून माझं मोजमाप सगळ्यांसाठीच सांगते. त्या शाखेत अगदी साध्या मुलाला मिळणारा पहिला पगार धरायचा, हुशार मुलाचा धरायचा नाही. त्याच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता होईल एवढं कर्ज काढायचं नाही. ग्राफिकमधला वरचा २५ हजारांचा पगार धरला तरी हप्ता साडेसात हजारच. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फिटणारं कर्ज मग साडेपाच लाखांच्या आसपास येतं, आणि हेही व्याज साठून हप्ता सुरू होतानाची रक्कम धरून. डिझाइनला एवढंच पेलतं. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगचं गणित वेगळं असेल, पण मांडायची रीत हीच.

भरलेल्या ५० हजारांचंही बोलू. ‘आता भरलेच आहेत’ म्हणून पुढचे साडेएकोणीस लाख घालायचे नसतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त पाच हजार रुपये प्रक्रिया शुल्क कापून बाकी सगळी फी परत करावी लागते. उशीर होत जाईल तशी परताव्याची टक्केवारी घसरते आणि त्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. म्हणून ती शेवटची तारीख आजच शोधा, आणि निर्णय ठरला की अर्ज ईमेलनं करा, तोंडी नको.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र माझ्या मनात अडकून राहिलं आहे. ‘तिच्या वाट्याला हे येऊ नये.’ ज्याला तुम्ही ‘हे’ म्हणता ते मी पाहिलेलं आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकूण एक शुभेच्छुकांचे फोटो एकाच आकारात बसवायचे, एकाचाही फोटो लहान झाला तर रात्री अकराला फोन. श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर फुटलेली जोडाक्षरं एकेक करून दुरुस्त करायची. लग्नसराईत पत्रिकेच्या प्रुफावर मुलाच्या चुलत्याचं नाव तिसऱ्यांदा बदलायचं. एवढं करून दीडशे रुपये, आणि तेही गिऱ्हाईक मोबाइलवर स्वतः बॅनर बनवून आणू लागल्यापासून कमी होत चाललेले. एआयमुळे हे काम आणखी आटेल, तुमची भीती बरोबर आहे. ती मुलीनं त्या कामात पडू नये म्हणून आहे हेही समजतं.

पण तुम्ही त्याला कमीपणा समजता, तिथे माझं मत वेगळं आहे. छपाईत निळा जांभळट का येतो, कागद किती जाडीचा, म्हणजे किती जीएसएमचा घ्यायचा, फ्लेक्स वीस फुटांवरून वाचायचा तर अक्षर किती मोठं लागतं, गिऱ्हाईक ‘जरा उठावदार करा’ म्हणतं तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय असतं, हे तुमच्या लेकीनं शाळेचा डबा खाता खाता शिकून घेतलं आहे. चांगल्या कॉलेजातून आलेली मुलं हे शिकायला आमच्याकडे दोन वर्षं घेतात. ती त्या दुकानात अडकू नये, हे मान्य. पण त्या दुकानापासून दूर जाण्यासाठी म्हणून २० लाख मोजू नका. पहिल्या दोन सुट्ट्यांत तिला तिथेच काउंटरमागे एक टेबल द्या आणि गावातल्या पाच धंद्यांची खरी कामं करू द्या. डेअरी तर झालीच. एखादी रोपवाटिका, बचतगटाचा मसाला, शाळेचा वार्षिक अंक, ग्रामपंचायतीचा पाणीपट्टीचा फलक. दीडशेत नव्हे. प्रत्येक कामाचा भाव आधी ठरवून, तिनं स्वतः गिऱ्हाईकाशी बोलून. चार वर्षांनी तिच्या फाइलमध्ये ही पानं असली, तर कॉलेजच्या कल्पित साबणाच्या जाहिरातींपेक्षा आम्ही आधी तीच उघडू.

यूसीड ही आयआयटीच्या बीडेसची, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा बारावीच्या वर्षी आणि लगेच पुढच्या वर्षी, अशी दोनदाच देता येते. यंदा दिली नसेल तर बीएफएचं पहिलं वर्ष करता करता तिला एकदा देऊन बघू दे. नाहीच झालं, तर बीएफएनंतर सीड ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन आयडीसीत दोन वर्षांच्या एमडेसचा, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीचा रस्ता मोकळा आहे. नावाजलेल्या संस्थेचा शिक्का हवाच असेल, तर तो तेव्हा, तिला काय करायचं आहे हे कळल्यावर घ्यावा.

तेव्हा माझं मत बीएफएच्या बाजूनं आहे. तरी फॉर्म भरण्याआधी दोघंजण एक दिवस काढा आणि दोन्ही ठिकाणी जाऊन या. प्रवेश विभागाच्या केबिनमध्ये बसू नका, कँटीनमध्ये बसा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांची कामं दाखवायला सांगा आणि मागच्या बॅचमधली पाच मुलं आज कुठे आहेत ते विचारा. प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि कर्जाचं वरचं गणित तिच्यासमोर कागदावर मांडा. अठरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. आपल्यासाठी बाबा घर गहाण ठेवायला निघाले होते, हे तिला नंतर कुणा नातेवाइकाकडून कळण्यापेक्षा आत्ता तुमच्याकडून कळू दे.

एक विनंती. डेअरीच्या पाटीचं अंतिम चित्र तुम्ही पाठवलंत, पण त्याआधी तिनं पेन्सिलनं दहा-बारा वेळा तरी तो ‘दू’ गिरवला असणार. ते कच्चे कागद दुकानाच्या रद्दीत गेले नसतील तर आजच बाजूला काढून ठेवा. मुलाखतीत आम्ही तेही मागतो.